रिव्हर्स पार्किंग: गाडी मागे घेताना नेमकं काय घडतं?

२०२४ च्या मे महिन्यात एक मेसेज घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. १ जूनपासून लायसनसाठी आरटीओत टेस्टच द्यावी लागणार नाही, ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट पुरेल! बातम्यांतही तसंच आलं. शेवटी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाला खुलासा करावा लागला, की १ जूनपासून नवीन काहीही होत नाहीये. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात शिकलेल्यांना टेस्टमधून सूट देणारा नियम १ जुलै २०२१ पासूनच आहे. आणि हे केंद्र म्हणजे चौकातलं दोन गाड्या आणि एक टेबलवालं स्कूल नव्हे. त्याला स्वतःचा ट्रॅक लागतो, सिम्युलेटर लागतो आणि कोर्स पूर्ण झाल्यावर तिथेही टेस्ट असतेच.

म्हणजे टेस्ट काही टळत नाही. आणि टेस्टमध्ये नवशिक्याला घाम फुटतो तो एकाच ठिकाणी, गाडी मागे घेताना. पुढे जाताना झोकात चालवणारी माणसं रिव्हर्स गिअर पडला की एकदम बावचळतात. असं का होतं? त्याचं उत्तर गाडीच्या रचनेत आहे. ते एकदा कळलं की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी सरावानेच जाते, त्याला इलाज नाही.

## परीक्षेत नेमकं काय मागतात?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ हा या टेस्टचा नियम. लर्निंग लायसन मिळून ३० दिवस झाल्याशिवाय टेस्ट देता येत नाही, हे त्यातच आहे. उमेदवाराला काय काय जमलं पाहिजे याची लांबलचक यादी पुढे येते. यादीतली पहिलीच गोष्ट आहे आरसा नीट लावणं. चढावर गाडी मागे न घसरता उचलणं आहे, सिग्नल देणं आहे, पादचाऱ्याला आधी जाऊ देणं आहे. आणि रिव्हर्सबद्दल जे म्हटलं आहे त्याचा अर्थ साधारण असा: गाडी मागे नेत डावीकडच्या किंवा उजवीकडच्या मर्यादित जागेत, ताब्यात ठेवून आणि वाजवी अचूकतेने घालता आली पाहिजे.

पार्किंग हा शब्द त्यात नाही, पण वर्णन पार्किंगचंच आहे. मर्यादित जागा, ताबा आणि वाजवी अचूकता. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे पूर्वी इन्स्पेक्टरच्या नजरेवर असायचं. कित्येक ठिकाणी ही टेस्ट म्हणजे गाडी शंभर फूट पुढे, थोडी मागे, झालं, एवढ्यावर आटोपायची, हे उघड गुपित आहे. स्वयंचलित ट्रॅकवर ते चालत नाही. तिथे आठ आकड्याचा मार्ग असतो, एच आकाराचा किंवा पार्किंगचा भाग असतो, उलटं यायचा एस असतो आणि चढ असतो. कडेला सेन्सर असतात, वर कॅमेरे असतात. गाडी रेषेला लागली की नोंद होते, आणि संगणकाला ‘साहेब, जरासंच लागलं’ असं सांगता येत नाही. पुण्याजवळ भोसरीच्या आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेतल्या ट्रॅकची पुणेकर शिकाऊ मंडळींना जी धास्ती असते, ती यामुळेच.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असंही नाही. केरळमध्ये २०२४ साली जुन्या एच ट्रॅकच्या जागी पॅरलल (रस्त्याकडेला, दोन गाड्यांमधल्या फटीत) आणि तिरपं पार्किंग आणायचं ठरलं, तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनीच आंदोलन करून टेस्ट बंद पाडल्या होत्या.

## मागची चाकं वळत नाहीत

सगळ्या गोंधळाचं मूळ हे आहे. स्टेअरिंग फिरवलं की फक्त पुढची चाकं वळतात. मागची दोन चाकं गाडीला समांतर, कायमची सरळ. ही दोन चाकं जोडणारी आडवी रेषा म्हणजे मागचा ॲक्सल. रिव्हर्समध्ये हा एकच तांत्रिक शब्द लक्षात ठेवला तरी पुरे.

गाडी वळते तेव्हा ती एका वर्तुळावर फिरत असते. या वर्तुळाचा मध्य कुठे असतो? मागच्या ॲक्सलची रेषा बाजूला वाढवत नेली, की त्या रेषेवर कुठेतरी. स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की तो मध्य गाडीच्या जवळ येतो, थोडं फिरवलं की लांब जातो. पण तो मागच्या ॲक्सलच्या रेषेवरून कधी हलत नाही.

यातून दोन गोष्टी आपोआप येतात. पुढे जाताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात, कोपरा कापतात. म्हणून गल्लीत वळताना पुढचा भाग सुटतो आणि मागचं दार खांबाला घासतं. मागे येताना मात्र शेपूट तुम्ही पाठवाल तिथे निमूट जाते, आणि पुढचं तोंड बाहेरच्या बाजूला लांब फेकलं जातं.

सुपरमार्केटमधली भरलेली ट्रॉली आठवा. बहुतेक ट्रॉल्यांची हँडलकडची चाकं सरळच राहतात, पुढची गरगरा फिरतात. अरुंद वाटेत ही ट्रॉली हँडल धरून मागे ओढा आणि ओढता ओढता वळवा. आपलं लक्ष हँडलकडे, ते मजेत वळतं, आणि पुढचं टोक जाऊन बिस्किटांच्या रॅकवर आदळतं. रिव्हर्समध्ये शेजाऱ्याच्या गाडीला आपल्या पुढच्या बंपरचा कोपरा लागतो तो असाच. सगळे मागे बघत असतात आणि ओरखडा पुढे पडतो.

आता ‘स्टेअरिंग उलटं होतं’ या समजाबद्दल. होत नाही. रिव्हर्समध्ये स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की शेपूट डावीकडेच जाते. उजवीकडे फिरवलं की उजवीकडे. उलटं जातं ते तोंड. पुढे चालवताना आपल्याला तोंडाकडे बघायची सवय लागलेली असते, म्हणून सगळं उलटं वाटतं. शेपटीकडे बघा, काहीच उलटं नाही.

आणखी एक बारकावा आहे, तो फारसं कोणी सांगत नाही. स्टेअरिंग फिरवल्या फिरवल्या शेपूट बाजूला सरकत नाही. आधी गाडीचं तोंड फिरतं, गाडी तिरकी होते, आणि मग त्या तिरक्या दिशेने मागे जाताना शेपूट सरकते. या दोन्हींमध्ये थोडा उशीर लागतो. नवशिक्याला वाटतं काहीच झालं नाही, म्हणून तो आणखी फिरवतो. मग सगळा परिणाम एकदम दिसतो आणि गाडी गरजेपेक्षा जास्त तिरकी झालेली असते. मग घाईघाईने उलटं स्टेअरिंग, मग परत. एस ट्रॅकवर गाडी सापासारखी वळवळत जाते ती अशी.

## एक गाडी कागदावर

नुसतं समजून भागत नाही, आकडे बघूया. स्कूलमध्ये हमखास भेटणारी वॅगनआर घ्या. लांबी ३,६५५ मिलिमीटर, रुंदी आरसे सोडून १,६२० मिलिमीटर, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर २,४३५ मिलिमीटर. कंपनीने दिलेली वळणत्रिज्या ४.७ मीटर, म्हणजे पूर्ण स्टेअरिंग फिरवलं की बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतं.

शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय लावलं, तर त्याच बाजूचं मागचं चाक साधारण ४ मीटरच्या वर्तुळावर फिरतं. म्हणजे पुढचं चाक मागच्या चाकापेक्षा जवळपास सव्वादोन फूट बाहेरून जातं. बंपरचा कोपरा चाकाच्याही पुढे असतो, तो आणखी बाहेर जातो. हिशेब केला तर मागच्या चाकापेक्षा मीटरभर बाहेर!

आता हीच गाडी सोसायटीतल्या खणात घालू. अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब असा साधारण खण धरा. अडीच मीटरमधून गाडीची रुंदी वजा केली तर ८८ सेंटिमीटर उरतात, दोन्ही बाजूंना सारखी वाटली तर प्रत्येकी ४४. दीड फूटही नाही. दार उघडून पोट आत घेत उतरावं लागतं ते म्हणूनच.

खण डाव्या हाताला आहे आणि गाडी रस्त्याला समांतर उभी आहे. एकाच फेकीत, पूर्ण डावं स्टेअरिंग मारून आत जायचं असेल, तर वळायला सुरुवात कुठून करायची? वरच्या आकड्यांवरून निघतं, की मागचा ॲक्सल खणाच्या मध्यापासून सुमारे सव्वातीन मीटर पुढे गेलेला पाहिजे. म्हणजे मागचा बंपरसुद्धा खणाच्या पुढच्या रेषेपासून दीड मीटरभर पुढे. ड्रायव्हर ॲक्सलच्या आणखी पुढे बसतो, त्यामुळे त्याचा खांदा आपल्या खणापासून जवळपास दोन खण पुढे गेलेला असतो.

हे वाचून बहुतेकांना आश्चर्य वाटेल. इतकं पुढे? हो. नवशिक्यांची गाडी शेजारच्या खणावर अडते याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, की ते फार लवकर वळायला लागतात. खण खिडकीतून दिसतोय तोवर थांबायचा मोह होतो. खण नजरेआड झाल्यावर पुढे जायला धीर लागतो.

आणखी दोन अंतरं बघा. डावीकडच्या उभ्या गाड्यांपासून आपली गाडी मीटरभर तरी लांब हवी, नाहीतर वळताना आपला डावा मागचा भाग शेजाऱ्याच्या बंपरला लागेल. आणि उजव्या हाताला, जिकडे तोंड फेकलं जाणार, तिकडेही मीटरभर मोकळं पाहिजे. तिथे कोणाची बुलेट उभी असेल तर आधी ती बघा, मग खण.

हे आकडे पूर्ण स्टेअरिंगचे आणि वॅगनआरचे. गाडी मोठी असेल तर बदलतील. रस्ता अरुंद असेल तर एका फेकीत जमणारच नाही, आधी तोंड उजवीकडे तिरकं करून घ्यावं लागेल. ते काही कमीपणाचं नाही.

## “सर म्हणतात, खांब काचेत आला की फुल मार”

ही ड्रायव्हिंग स्कूलची जगप्रसिद्ध पद्धत. मागच्या दाराच्या छोट्या काचेत पहिला खांब दिसला की डावीकडे फुल मार. उजव्या आरशात दुसरा खांब आला की स्टेअरिंग सरळ. मग येऊ दे, येऊ दे, बास. पाठ केलं की तीन दिवसांत एच निघतो.

मी या पद्धतीला नावं ठेवणार नाही. टेस्टपुरती ती चालते, आणि बहुतेकांना आधी लायसन हवं असतं. पण ती खूण त्या गाडीची, त्या सीटच्या उंचीची आणि त्या ट्रॅकवरच्या खांबांच्या अंतराची असते. सीट दोन इंच पुढे घेतली की काचेत खांब वेगळ्या वेळी दिसतो. घरची गाडी नेक्सॉन असेल तर काचच वेगळी. म्हणून लायसन हातात असलेली माणसं सोसायटीत येऊन वॉचमनकाकांच्या भरवशावर पार्क करतात. काका मागे उभे राहून हात हलवत “येऊ द्या, येऊ द्या, लेफ्ट मारा, अजून मारा” म्हणतात आणि डिकीवर थाप पडली की थांबायचं. काका सुट्टीवर गेले की गाडी रस्त्यावर.

खूण वापरा, पण ती का लागू पडते हे बघून ठेवा. खांब काचेत दिसतो तेव्हा मागचा ॲक्सल कुठे असतो? एकदा गाडी थांबवून, हँडब्रेक ओढून, खाली उतरून बघा. रोज शिकवणाऱ्या सरांना हे जरा विचित्र वाटेल. वाटू द्या. फी तुम्ही भरली आहे.

स्कूलच्या गाडीची आणखी एक गंमत आहे. नियमानुसार त्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. सुरक्षेसाठी तो हवाच. पण होतं काय, की स्टेअरिंग तुमच्या हातात आणि गाडीचा वेग सरांच्या पायात. तुम्हाला वाटतं रिव्हर्स जमायला लागला. टेस्टच्या दिवशी सर बाहेर उभे, गाडी तीच, आणि पहिल्याच खांबाशी इंजिन बंद! शेवटच्या काही दिवसांत सरांना स्पष्ट सांगा: “सर, आज पाय वर घ्या. बंद पडली तर पडू दे.”

## हात घाई करतात, कारण गाडी घाई करते

रिव्हर्समध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारी सूचना म्हणजे “लवकर मार, लवकर मार”. सूचना उलटी आहे. हाताला घाई करायला लावण्यापेक्षा गाडीला हळू करावं.

हिशेब सोपा आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत स्टेअरिंग सरळ असताना एका बाजूला पूर्ण फिरवायला दीड ते पावणेदोन फेरे लागतात. नवशिक्याला त्याला तीनेक सेकंद तरी लागणार. गाडी तुमच्या चालण्याच्या वेगाने, ताशी साडेतीन किलोमीटरने, मागे येत असेल तर ती सेकंदाला जवळपास एक मीटर जाते. म्हणजे स्टेअरिंग पूर्ण फिरेपर्यंत गाडी तीन मीटर मागे आलेली असते. खण अडीच मीटरचा! वळायची जागा मागे पडून गेली. तीच गाडी त्याच्या पाव वेगाने आली तर तेवढ्या वेळात पाऊण मीटर जाईल.

हा पाव वेग मिळतो हाफ क्लचमधून. क्लच सोडत सोडत गाडी जिथे हलायला लागते, तिथेच पाय धरून ठेवायचा. सपाट जागी डिझेल गाडी तेवढ्यावरच सरकते. छोट्या पेट्रोल इंजिनाला किंचित ॲक्सिलरेटर लागू शकतो. गाडी पळायला लागली तर क्लच दाबा आणि ब्रेकवर या. उतार असेल तर क्लच दाबून नुसत्या ब्रेकवर काम होतं. स्टेअरिंगला हात न लावता, मोकळ्या मैदानात, फक्त गोगलगायीच्या वेगाने सरळ मागे येण्याचा सराव आधी करा. कंटाळवाणा आहे, पण बाकी सगळं यावरच उभं आहे.

यावर घरातून एक आक्षेप हमखास येतो. “अगं, उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवू नकोस, टायर झिजतात!” बाबांचं म्हणणं खोटं नाही. उभ्या गाडीत चाक वळवलं की टायर जमिनीवर घासतो आणि स्टेअरिंगच्या यंत्रणेवरही ताण येतो. पण शिकण्याच्या काही आठवड्यांत होणारी झीज ही शेजाऱ्याच्या दाराच्या पेंटपेक्षा खूप स्वस्त आहे. आधी थांबून फिरवा, हात बसला की गाडी जेमतेम हलत असताना फिरवायला लागा.

स्टेअरिंग किती फिरवलंय याचा पत्ता न लागणं हीसुद्धा नेहमीची अडचण. फेरे मोजायचे. डावीकडे दीड फेरा गेला असेल तर सरळ व्हायला उजवीकडे दीड. मधल्या लोगोवर भरवसा ठेवू नका, एक पूर्ण फेरा चुकला तरी तो सरळच दिसतो.

## आरसा बघू की मान वळवू?

दोन्ही. आरशाचं काम वेगळं, मानेचं वेगळं.

आरशात बघायचं ते आपल्या गाडीची बाजू आणि रेषा यांमधलं अंतर. त्यासाठी आरसा नेहमीपेक्षा थोडा खाली कलवा, म्हणजे मागचं चाक जमिनीला टेकतं ती जागा दिसेल. तोच आपला ॲक्सल. पार्किंग झाल्यावर आरसा पूर्ववत करायला विसरू नका. बाहेरचे आरसे बहुतेक फुगीर असतात, त्यांत जास्त जागा दिसते पण वस्तू असते त्यापेक्षा लांब वाटते. “अजून बरीच जागा आहे” असं आरसा सांगत असेल तर त्यातली थोडी वजा करा.

मान वळवायची ती माणसांसाठी. आरशांच्या मधल्या जागेत डिकीमागे काय आहे हे दिसतच नाही. सोसायटीच्या आवारात तिथे तीन वर्षांचं मूल असू शकतं, सायकल असू शकते, पेपर वाचत चालणारे आजोबा असू शकतात. आणि पूर्ण स्टेअरिंग मारलेलं असताना दर थोड्या वेळाने पुढे, बाहेरच्या कोपऱ्याकडेही बघायचं. तो कोपरा कुठे जातो, ते वर आलंच आहे.

इंग्लंडला गेलेल्या आपल्या मंडळींना हे चांगलं कळतं. आपल्या लायसनवर तिथे राहायला गेल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, मग तिथली टेस्ट द्यावी लागते. डिसेंबर २०१७ पासून त्या टेस्टमध्ये तीनपैकी एक प्रकार करून दाखवावा लागतो: रस्त्याकडेला पॅरलल पार्किंग, खणात पार्किंग, किंवा उजवीकडे थांबून दोन गाड्यांएवढं मागे येणं. पुण्यात दहा वर्षं गाडी चालवलेला माणूस तिथे खणात झकास गाडी घालतो आणि तरीही नापास होऊ शकतो. कारण परीक्षक त्याची मान बघत असतो. गाडी रेषेत आली, पण चौफेर नजर फिरली का? तिथे निरीक्षणातली चूकही मोजली जाते. आपल्या ट्रॅकवरच्या सेन्सरला मान दिसत नाही, ही त्याची मोठी उणीव.

## “गाडीत कॅमेरा आहे, मग हे सगळं कशाला?”

प्रश्न रास्त आहे. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारमध्ये मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. मागच्या बंपरमध्ये रुपयाएवढे गोल दिसतात ते. ते आवाजाच्या लहरी सोडतात, त्या आदळून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतात आणि टीं-टीं वाढवत नेतात. बऱ्याच गाड्यांत कॅमेराही असतो, त्यात स्टेअरिंगनुसार वाकणाऱ्या रेषा दिसतात.

वापराच. पण दोघंही मागे बघतात, आणि ओरखडा पुढच्या कोपऱ्यावर पडतो हे आपण पाहिलं. बारीक लोखंडी बार किंवा बंपरच्या खालचा ठेंगणा दगड सेन्सरला चुकू शकतो. पावसाळ्यात कॅमेऱ्यावर चिखल बसला की पडद्यावर चित्रकला दिसते. आणि टेस्टला नेलेली स्कूलची गाडी जुनी असेल तर तिच्यात यातलं काहीच नसेल.

## मुळात उलटं का घालायचं? तोंड पुढे घालून पार्क केलं तर?

मॉलमध्ये, ऐसपैस जागेत, खुशाल घाला. अडचण अरुंद जागेत येते, आणि कारण तेच, मागची चाकं कोपरा कापतात. खणात तोंड आधी घातलं की आतल्या बाजूचं मागचं दार शेजारच्या गाडीकडे सरकतं. उलटं आत आलं की कोपरा कापणारी चाकं आधी आत जातात आणि वळणारी चाकं बाहेर मोकळ्या जागेत राहतात. तिथे तोंड हवं तसं फिरवता येतं.

निघतानाही फरक पडतो. तोंड आधी घातलेली गाडी काढताना तुम्ही डोळे बंद असल्यासारखे रस्त्यावर मागे येता. दोन्ही बाजूंना उंच एसयूव्ही असतील तर येणारी स्कूटर दिसते तेव्हा तुमची अर्धी गाडी बाहेर असते. उलटी लावलेली गाडी सकाळी घाईच्या वेळी तोंडाने बाहेर पडते.

रस्त्याकडेच्या पॅरलल पार्किंगमध्ये तर पर्यायच नाही. दोन गाड्यांमधल्या फटीत तोंड घातलं की तोंड फुटपाथला टेकतं आणि शेपूट रस्त्यावर राहते, कारण मागची चाकं बाजूला सरकू शकत नाहीत. म्हणून पुढच्या गाडीच्या बरोबरीने उभं राहायचं, मागे येत डावीकडे वळायचं, गाडी तिरकी झाली की सरळ घ्यायचं आणि आपलं तोंड पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरला ओलांडून मागे आलं की उजवीकडे पूर्ण फिरवायचं. एक डावा चाप, एक उजवा चाप. उलट्या एस ट्रॅकवर जे करवून घेतात ते हेच. सुरुवातीला आपल्या गाडीच्या दीडपट लांबीची फट शोधा. लक्ष्मी रोडवर ती मिळणार नाही, रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या रस्त्यावर दोन कुंड्या ठेवून मिळेल.

## चुकलं, नापास झालो, तर?

रस्त्यावर चुकलं तर गाडी पुढे घ्या आणि पुन्हा या. तिरक्या गाडीला आतल्या आत सरळ करत बसण्यापेक्षा बाहेर काढून परत घालणं सोपं असतं. ट्रॅकवर मात्र किती वेळा पुढे-मागे केलेलं चालतं, रेषेला लागलं तर किती गुण जातात, हे त्या त्या ठिकाणच्या गुणपद्धतीवर आहे. टेस्टच्या आधी जाऊन, दुसऱ्यांच्या गाड्या बघत अर्धा तास उभं राहा आणि विचारून घ्या.

नापास झालात तर कायद्याने सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झालात तर शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं. लर्निंग लायसनची मुदत सहा महिन्यांची असते, तेव्हा तारखा मोजून अपॉइंटमेंट घ्या. स्वतःची गाडी नेणार असाल तर आरसी, विमा आणि पीयूसी बरोबर ठेवा आणि पुढे-मागे लाल ‘एल’ लावा. मोटारसायकलला गिअरची आणि बिनगिअरची अशी लायसनची विभागणी आहे, कारला ती नाही. त्यामुळे घरी ऑटोमॅटिक असेल आणि हाफ क्लचशी तुमचं काही केल्या जमत नसेल, तर ती गाडी टेस्टला चालेल का हे आधी आरटीओत विचारून बघा. ब्रेकवरचा पाय हलका केला की ती आपणहून गोगलगायीच्या वेगाने मागे येते.